जुन्या ट्रॅक्टरच्या पोटाखालची सफाई

खंडेनवमी जवळ आली म्हणजे कागलच्या आसपासच्या गांवोगांवीं ट्रॅक्टर धुण्याची एकच घाई उडते. कोणी विहिरीवरच्या मोटारीची नळी लावतो, कोणी थेट दूधगंगेच्या पात्रांत चाकें घालतो, आणि दुपारपर्यंत बोनेट व मडगार्ड लखलखीत होतात. दुसऱ्या दिवशीं झेंडूच्या माळा, हळदकुंकू व नारळ यांनीं यथासांग पूजा होते. परंतु पूजा आटोपल्यावर तेंच बोनेट उचलून आंत पाहिलें, किंवा गुडघे टेकून पोटाखालीं नजर टाकली, तर तेथें गेल्या चार-पांच हंगामांचा काळा चिकटा जसाच्या तसा बसलेला आढळतो. दसऱ्यानंतर थोड्याच दिवसांत साखर कारखान्यांचे हंगाम सुरू होतात, आणि हेंच यंत्र दोन-दोन ट्रॉल्या ओढीत रात्रंदिवस रस्त्यावर राहतें. मग तें धुण्यास सवड मिळत नाहीं. म्हणून हा विषय हंगामापूर्वींच वाचकांपुढें मांडणें आम्हांस अवश्य वाटतें.

आमच्या भागांत जुने ट्रॅक्टर थोडेथोडके नाहींत. १९६३ सालीं स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनीचा बी-२७५, १९७१ पासून पिंजोर येथें झेटरच्या नमुन्यावर तयार होऊं लागलेला एच. एम. टी., १९७४ पासून बाजारांत आलेला स्वराज, या पिढीचीं यंत्रें अजूनही कित्येक वस्त्यांवर राबतांना दिसतात. एच. एम. टी.चा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारनें २०१६ सालीं घेतला. तरी त्याचे ट्रॅक्टर शेतांतून हटलेले नाहींत. जुनें यंत्र जाड ओतकामाचें असतें, त्याची रचना साधी असते, आणि त्याचे पुष्कळसे भाग कोल्हापूरच्या उद्यमनगरांत मिळतात अगर करून घेतां येतात. तें टिकतें, ही गोष्ट खरी. परंतु त्याचीं सीलें व गॅस्केटें झिजलेलीं असल्यामुळें तें गळतेंही. या गळण्याकडे पाहण्याची जी आपली रीत आहे, तिच्याविषयींच आम्हांस प्रथम सांगावयाचें आहे.

आमचाच अनुभव

आमच्या घरचा ट्रॅक्टर आज पस्तीस वर्षांचा आहे. त्याच्या इंजिनाखालीं ऑइलचे चार थेंब पडलेले दिसले, तर "जुनें यंत्र आहे, एवढें गळायचेंच" असें म्हणून आम्ही वर्षानुवर्षें पुढें जात होतों. तीन हंगामांपूर्वीं फाल्गुनांत ऊस घालून परत येत असतां बोनेटखालून धूर निघूं लागला. ड्रायव्हरनें उडी टाकून बोनेट उघडलें तों सायलेन्सरच्या मुळाशीं अडकलेला उसाचा वाळका पाला, ऑइलनें भिजून निखाऱ्यासारखा धुमसत होता. रस्त्याकडेची माती ओंजळींनीं टाकून तो विझविला म्हणून निभावलें. त्या वेळीं ट्रॉल्या रिकाम्या होत्या व डिझेलची नळी शाबूत होती, एवढेंच आमचें दैव.

हंगाम संपल्यावर आम्हीं ट्रॅक्टर प्रथमच पोटाखालून नीट धुवून काढला. पुढच्या आंसाच्या आधारावर दोन बोटें जाड चिकटा होता. तो खरवडून काढल्यावर ओतकामांत वितभर भेग दिसली. भेगेच्या आंत ऑइल व धूळ बसून ती काळी पडलेली होती. म्हणजे ती नवी नव्हती. ती भेग अंगावर बाळगून त्या यंत्रानें निदान एक हंगाम उतारावरून भरलेल्या ट्रॉल्या आणल्या होत्या, आणि सुकाणूवर आमच्या शेजाऱ्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा बसत होता. आधार भर रस्त्यांत तुटला असता, तर काय झालें असतें, याचा विचार त्या रात्रीं आम्हांस झोंप येऊं देईना. दोष यंत्राचा नव्हता, ड्रायव्हरचा नव्हता, मिस्त्रीचाही नव्हता. जें दिसलें पाहिजे होतें तें आम्हींच झांकून ठेवलें होतें.

चिकटा काय करतो

गळलेल्या ऑइलवर धूळ बसते, धुळीवर पुन्हां ऑइल येतें, आणि वरून उसाचा पाला, भुसा व चिखल चिकटतो. अशा रीतीनें हा थर वाढत जातो. त्यापासून पांच प्रकारचें नुकसान होतें.

पहिलें, तो गळतीची जागा लपवितो. सगळेंच इंजिन ओलें असलें म्हणजे ऑइल कोठून येतें हें ब्रह्मदेवासही सांगतां येणार नाहीं. दुसरें, तो पांघरुणाप्रमाणें उष्णता आंत कोंडतो. रेडिएटरच्या जाळींत तेलकट भुसा बसला कीं हवा खेळत नाहीं व इंजिन तापूं लागतें. तिसरें, तो पेट घेतो. तापलेला मॅनिफोल्ड, सेल्फच्या सैल वायरीची ठिणगी व ऑइलनें भिजलेला पाला हीं तिन्ही एके ठिकाणीं आलीं म्हणजे आगीची सर्व सामग्री तयार झाली. चौथें, खनिज तेलानें साधें रबर फुगतें व मऊ पडतें; फॅन बेल्ट, पाण्याच्या नळ्या व इंजिनाखालचीं रबरें यांचें आयुष्य कमी होतें. पांचवें आणि सर्वांत वाईट, तो भेगा, ढिले बोल्ट व झिजलेले सांधे डोळ्यांआड करतो.

बेंदराच्या दिवशीं बैल धुणारा जाणता शेतकरी बैल नुसता चकचकीत करीत नाहीं. धुतांना त्याचा हात बैलाच्या खांद्यावरून, खुरांतून व पोटाखालून फिरतो, आणि कोठें आवाळूं आलें आहे, कोठें खुरांत खडा रुतला आहे, हें त्यास त्याच वेळीं कळतें. बैल धुणें म्हणजे बैल तपासणें होय. ट्रॅक्टरच्या बाबतींत ही आपली जुनी रीत आपण विसरलों आहों.

काय वापरावें, काय वापरूं नये

चिकटा नुसत्या पाण्यानें निघत नाहीं, कारण तेल व पाणी मिसळत नाहीं. त्यास एक तर पातळ तेलांत विरघळवावें लागतें, नाहीं तर साबणाच्या साह्यानें पाण्यांत फोडावें लागतें.

पातळ तेलांपैकीं पेट्रोल या कामास कधींही घेऊं नये. उणें चाळीस अंशांच्या आसपासही त्याच्या वाफेस ठिणगीनें आग लागूं शकते. म्हणजे आपल्याकडे तें बाराही महिने धोक्याचेंच असतें. रॉकेल व डिझेल यांविषयीं लोक निर्धास्त असतात, परंतु भारतीय मानकानें या दोहोंस घालून दिलेली किमान मर्यादा ३५ अंश सेल्सिअस एवढीच आहे. चैत्र-वैशाखांतील दुपारीं हवा त्याच्याही वर जाते, आणि नुकत्याच बंद केलेल्या इंजिनाचें लोखंड तर फारच अधिक तापलेलें असतें. म्हणून तीं वापरावयाचीं झाल्यास थंड इंजिनावर, उघड्या हवेंत, ब्रशानें व थोडींच वापरावीं. पिचकारीनें फवारूं नयेत. जवळ विडी, चूल अगर चालू मोटार असूं नये.

आमचा अनुभव असा कीं, घरगुती कामास धुण्याचा सोडा व कपड्याची पावडर पुरेशी होते. दहा लिटर कढत पाण्यांत सुमारें पाव किलो धुण्याचा सोडा व मूठभर पावडर विरघळवावी. बाजारांत पाण्यांत मिसळण्याचीं तयार द्रावणेंही मिळतात. तीं डब्यावरील सूचनेप्रमाणें वापरावींत. कॉस्टिक सोडा मात्र टाळावा. तो ॲल्युमिनियमचे भाग खातो, आणि डोळ्यांत उडाल्यास दृष्टि जाण्याचें भय असतें. धुण्याच्या सोड्यानेंही ॲल्युमिनियम काळवंडतें. तेव्हां तें द्रावण त्या भागांवर वाळूं देऊं नये, लगेच धुवून टाकावें. हातांत रबरी मोजे व डोळ्यांस चष्मा असावा.

धुण्याचा क्रम

यंत्र आदले दिवशीं सपाट जागीं उभें करून पूर्ण थंड होऊं द्यावें. तापलेल्या ओतकामावर गार पाणी पडलें तर तें तडकतें. डिझेल पंपाची तर विशेष काळजी घ्यावी. त्यांतील दट्ट्या व नळी यांमध्यें मिलिमीटरच्या कांहीं हजारांश भागाएवढीच फट असते, आणि तापलेल्या किंवा चालू पंपावर गार पाणी मारल्यास दट्ट्या आंत जाम होण्याचा संभव असतो.

चाकांस पुढून व मागून उटी द्यावी, औजार खालीं टेकवावें, आणि बॅटरीची निगेटिव्ह बाजूची वायर प्रथम सोडावी. ट्रॉलीचा हौदा उचलून खालून धुवावयाचा असेल, तर त्याखालीं भक्कम लाकडी ओंडका दिल्यावांचून कोणीही आंत शिरूं नये. नुसत्या जॅकवर अगर हायड्रॉलिकवर विश्वास ठेवून पोटाखालीं जाणें म्हणजे स्वतःच्या जिवाशीं खेळणें होय.

नंतर डायनॅमो, सेल्फ, डिझेल पंप, हवा घेण्याची नळी, ऑइल भरण्याचें तोंड, दांडीचें छिद्र व डिझेल टाकीचें झांकण यांवर खताच्या पोत्यांतील प्लास्टिकच्या पिशव्या घट्ट बांधाव्या.

आतां पाणी न घेतां प्रथम कोरडें खरवडावें. बोथट खुरपें, बांबूची चीप व तारेचा ब्रश एवढीं साधनें पुरतात. चिकट्याचा मोठा भाग येथेंच निघतो, आणि जितका तो कोरडा निघेल तितकें पुढें घाण पाणी कमी होतें. खालीं जुनी ताडपत्री अंथरून सर्व मळ गोळा करावा. डिझेलच्या व ब्रेकच्या नळ्या, वायरी व रबरें यांवर तारेचा ब्रश चालवूं नये. तेथें चिंधी वापरावी.

मग कढत द्रावण ब्रशानें खालून वर लावीत जावें. वरून लावल्यास ओघळ खालीं येऊन वाळतात व डाग पडतात. दहा-पंधरा मिनिटें मुरूं देऊन घासावें व साध्या पाण्यानें वरून खालीं धुवावें. जेथें थर फार जुना असेल तेथें हेंच दोनदां करावें. एकदांच जोर करण्यापेक्षां दोनदां सावकाश करणें बरें.

सर्व्हिसिंग सेंटरवर जोराच्या फवाऱ्यानें धुवून घेणें सोयीचें असतें. परंतु तेथें आपण स्वतः उभें राहावें. फवाऱ्याचें तोंड चाकांच्या बेअरिंगांवर, ऑइल सीलांवर, वायरींच्या जोडांवर व रेडिएटरच्या जाळीवर जवळून धरूं देऊं नये. जोराचें पाणी सीलांतून आंत शिरतें, आणि पुढच्या चाकाचें बेअरिंग दोन महिन्यांनीं गंजून खडखडूं लागतें. तेव्हां त्याचें कारण कोणाच्याच ध्यानीं येत नाहीं. रेडिएटर आंतल्या बाजूनें बाहेरच्या बाजूकडे, बेताच्या जोरानें धुवावा.

तें पाणी जातें कोठें?

हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाहीं. नदींत ट्रॅक्टर धुतला म्हणजे आपलें काम झालें असें आपणांस वाटतें. पण दूधगंगा कागलपाशीं संपत नाहीं. ती पुढें वेदगंगेस घेऊन कृष्णेस मिळते, आणि वाटेंत कित्येक गांवें तिचें पाणी पितात. बंधाऱ्यानें अडविलेलें पाणी उन्हाळ्यांत जवळजवळ उभें असतें; त्यावर पसरलेला तेलाचा तवंग दिवसचे दिवस हलत नाहीं. १९७४ च्या जलप्रदूषणविषयक कायद्यानेंही नदींत वा विहिरींत अशी घाण सोडण्यास मनाई केलेली आहे. परंतु कायद्याची गोष्ट बाजूस ठेवली, तरी ज्या पाण्यावर आपला ऊस उभा आहे व ज्या पाण्यांत आपलीं गुरें तोंड घालतात, त्यांत आपल्याच हातानें जळकें ऑइल सोडणें हें शेतकऱ्यास शोभणारें नाहीं.

यावर उपाय सोपा आहे. विहिरीपासून व ओढ्यापासून दूर, वस्तीच्या उताराच्या बाजूस धुण्याची जागा मुक्रर करावी. तेथें फरशी अगर कोबा करून पाणी एका लहान हौदांत न्यावें. तेल पाण्याहून हलकें असल्यामुळें तें हौदांत वर तरंगतें. म्हणून बाहेर जाणारी नळी हौदाच्या तळाजवळून निघून वर वळविलेली असावी. त्यायोगें खालचें पाणी तेवढें बाहेर जातें व तेल मागें राहतें. तें अधूनमधून भुशानें टिपून घ्यावें. ही सोय दोन-चार शेजाऱ्यांनीं मिळून केल्यास खर्च फारसा येत नाहीं.

निघालेलें जळकें ऑइल बांधावर ओतूं नये, चुलींत जाळूं नये, व जनावरांच्या जखमेसही लावूं नये. त्यांत झिजलेल्या धातूंचे कण व अपायकारक द्रव्यें असतात. २०१६ च्या घातक कचऱ्याविषयींच्या नियमांत वापरलेल्या ऑइलचा समावेश आहे. तें बंद डब्यांत सांठवून अधिकृत रीत्या घेणाऱ्यासच द्यावें.

धुतल्यानंतर

धुणें झालें म्हणजे काम अर्धेंच झालें. पिशव्या काढून यंत्र उन्हांत पूर्ण सुकवावें. कोठेंही डिझेलचा वास राहिलेला नाहीं याची खात्री करून मग बॅटरी जोडावी. नंतर प्रत्येक ग्रीस निपलास ग्रीस गन लावून आंतील जुनें ग्रीस व पाणी बाहेर येईपर्यंत नवें ग्रीस भरावें. हें काम विसरल्यास धुण्यानें हित होण्याऐवजीं अहितच होतें. कारण सांध्यांतील वंगण गेलेलें असतें व पाणी राहिलेलें असतें. उघडें पडलेलें लोखंड गंजूं नये म्हणून त्यास रंगाचा हात द्यावा. गिअरचें व हायड्रॉलिकचें ऑइल दांडीवर पाहावें. तें दुधाळ दिसल्यास आंत पाणी गेलें असें समजून बदलावें.

यानंतर खरी तपासणी येते. सुकलेल्या इंजिनाच्या सांध्यांवर अंगास लावण्याची पांढरी पावडर हलकेच उडवावी, इंजिन पंधरा मिनिटें चालवून बंद करावें, व बॅटरीच्या उजेडांत पाहावें. जेथें पांढऱ्यावर ओला डाग उमटला तेथें गळती आहे. वरच्या टॅपेट कव्हराखालीं डाग असल्यास बहुधा गॅस्केटाचें काम असतें व तें स्वस्तांत होतें. पुढच्या पुलीमागील सील गेलें असल्यास पंखा तें ऑइल सगळ्या इंजिनावर फेंकतो, आणि एका लहान सीलामुळें सारें इंजिन गळकें वाटतें. क्लचच्या घराच्या तळाशीं छिद्र असतें. त्यांतून पातळ काळें ऑइल येत असल्यास इंजिनाचें मागचें सील, व दाट उग्र वासाचें येत असल्यास गिअरपेटीचें सील गेलें असें समजावें. तसेंच चालविल्यास क्लच घसरूं लागतो.

दोन गळती मात्र हंगामापर्यंत ठेवूं नयेत. मागच्या चाकाच्या आंतील बाजूस ओल आली असेल, तर ऑइल ब्रेकपर्यंत पोंचण्याचा संभव असतो. उतारावर एका बाजूचा ब्रेक लागतो व दुसऱ्या बाजूचा लागत नाहीं. आणि डिझेल पंपाच्या अगर नळ्यांच्या जोडास ओल असेल, तर ती आगीची सूचना होय. या दोहोंपैकीं एक जरी दिसली, तरी दुरुस्तीवांचून ट्रॉली जोडूं नये.

शेवटीं पुढचा आंस, त्याचा आधार व खिळा, सुकाणूच्या दांड्यांचे सांधे, चाकांचे बोल्ट आणि ट्रॉलीचा हूक हीं स्वच्छ चिंधीनें पुसून बोटानें चांचपावींत. भेग डोळ्यांस दिसण्यापूर्वीं पुष्कळदां नखास लागते.

उपसंहार

या साऱ्या कामास दोन माणसांचा एक दिवस, थोडा सोडा, पावडर व किलोभर ग्रीस एवढेंच लागतें. पूर्वीं बैलगाडी दूरच्या बाजारास निघण्याआधीं घरचा कर्ता पुरुष चाक काढून आंसावरचें जुनें वंगण पुसून नवें घालीत असे. तें काम तो गड्यावर सोंपवून मोकळा होत नसे. आज गाडीच्या जागीं ट्रॅक्टर आला, ओझें कितीतरी पटींनीं वाढलें, वेग वाढला, आणि कर्त्या पुरुषाचें पाहणें मात्र कमी झालें. तें पुन्हां सुरू व्हावें, एवढीच आमची विनंती आहे.

आमच्या ट्रॅक्टरचा तो आधार आम्हीं बदलला. शेजाऱ्याचा मुलगा आजही त्याच सुकाणूवर बसतो. आतां दर वर्षीं खंडेनवमीच्या आधीं आठ दिवस आम्ही व तो मिळून यंत्राच्या पोटाखालीं शिरतों, आणि झेंडूची माळ त्यानंतरच चढते. वाचकांनीं यंदा आपल्या यंत्राच्या बाबतींत हाच क्रम ठेवून पाहावा, व त्यांस काय आढळलें तें आम्हांस अवश्य कळवावें.